रविनाची रोजची तीस मिनिटं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फोनमध्ये अर्धं लिहून डिलीट मारलं. एकदा वाटलं लोक हसतील, दुसऱ्यांदा वाटलं नोकरी जाईल. आता नोकरीचं व्हायचं ते होऊ दे. सुचेल तसं टाइप करतो, मध्येच तुटलं तर तुटलं.

मी सुदर्शन. मोखाड्याच्या पुढं, सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचं हायस्कूल आहे. तिथं मी कम्प्युटरचं बघतो. शिक्षक नाही. बारावी झालो, कॉलेज जमलं नाही, मग जव्हारला एका झेरॉक्सच्या दुकानात तीन वर्षं काढली. लोकांचे फॉर्म भरून, बिघडलेला प्रिंटर खोलून, यूट्यूब बघून जे आलं ते आलं. कोणी शिकवलं नाही. शाळेच्या कागदावर मी ‘डिजिटल सहायक’. पोरं सर म्हणतात. महाले सर, आमचे मुख्याध्यापक, एरवी सुदर्शन म्हणतात आणि काम अडलं की सुद्या.

मला इथं चिकटवलं हरेशनं. हरेश भोये, साखरशेतचा. जव्हारला आम्ही एका खोलीत राहायचो. आता तो नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. त्यानं महाले सरांना सांगितलं होतं, “सर, याच्याकडं डिग्री नाय, पण याला नाय म्हणता येत नाय. दिलेलं काम करतोच.” तेव्हा मला ती तारीफ वाटली होती.

तर गोष्ट जूनपासूनची.

ठाण्याच्या एका संस्थेनं शाळेला वीस टॅब आणि एक भिंतीएवढा बोर्ड दिला. चांगलं केलं. पण त्यासोबत उद्दिष्टं आली. प्रत्येक शिक्षकानं वर्षाचं ‘डिजिटल उद्दिष्ट’ ठरवायचं, ते ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायचं, आणि मग वर्षभर कोण किती टक्के पोचलं ते तिकडं ठाण्यात हिरव्या-लाल रंगात दिसणार.

स्टाफरूममध्ये मीटिंग झाली. मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो.

महाले सर म्हणाले, “सगळ्यांनी नव्वद टाका.”

“नव्वद कशाला सर?” हरेशनं विचारलं.

“शंभर टाकलं की तपासायला येतात. सत्तर टाकलं की विचारायला येतात. नव्वदला कोणी येत नाही. बावीस वर्षं काढलीत मी, भोये सर.”

ममता मॅडम मराठी शिकवतात. त्या म्हणाल्या, “सर, मला तो बोर्ड चालूच करता येत नाही. नव्वद टक्के कशाचे?”

“मॅडम, चालू करायचं उद्दिष्ट नाहीये. वापरायचं आहे.”

यावर कोणी हसलं नाही. सरांनी ते गंमत म्हणून सांगितलंच नव्हतं.

सगळ्यांचं भरून झालं. ‘विद्यार्थी डिजिटल साधनांचा प्रभावी वापर करतील, ९०.’ सात शिक्षक, सात वेळा तेच. मी कॉपी-पेस्टच केलं. मग हरेशनं आपली चिठ्ठी पुढं सरकवली. तीत लिहिलं होतं, ‘रविना वाघ दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाईल. ती तिथूनही शिकत राहील आणि मार्चमध्ये दहावीला बसेल.’

महाले सरांनी चष्मा वर केला. “हे उद्दिष्ट आहे?”

“हो.”

“एका पोरीचं?”

“गेल्या वर्षी दहावीतले चार जण गेले सर. परीक्षेला एक आला, तोही नापास झाला. यंदा ही एकटीच जाणार आहे. एकीचं जमवून बघू. जमलं तर पुढच्या वर्षी बाकीच्यांचं.”

“बरं. आकडा काय टाकायचा?”

“एक,” हरेश म्हणाला.

मी एक टाकला. मशीननं त्याचा एक टक्का केला आणि अख्खी ओळ लाल झाली. महाले सर म्हणाले, “लाल कशाला?” मी तिथं नव्वद केलं. वाक्यही बसेना, त्या रकान्यात पन्नासच अक्षरं मावायची. शेवटी ठाण्याला जे गेलं ते असं: रविना वाघ दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर, ९० टक्के.

आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही की याचा अर्थ काय.

रविनाबद्दल सांगतो. दहावीला आहे. तिचा बाप जैतू आणि आई फागी, दोघं दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडं भट्टीवर जातात, पाऊस तोंडावर आला की परत. जमीन नाही, इथं चार महिने भातलावणी-कापणीची मजुरी, बाकी आठ महिने काय करणार? रविना वर्गात पहिली-दुसरी वगैरे नाही. पण पाठ करणारी पोरगी नाही ती. कळलं नाही तर हात वर करून म्हणते, “नाय कळलं. परत सांगा.” अख्ख्या वर्गात असं म्हणणारी ती एकटी. हरेशचा तिच्यावर जीव आहे तो त्यासाठी.

तिला इथं मागं ठेवता आलं असतं का? हरेशनं ते पण करून बघितलं. फागी म्हणाली, “मास्तर, ही इथं राहिली त धाकट्याला कोण घेल? मी विटा थापू का पोर सांभाळू?” धाकटा दीड वर्षाचा. म्हणून टॅब. एक टॅब, त्यात सगळे धडे आधीच भरलेले, नेट लागत नाही. भट्टीवर लाइट असते, चार्ज होईल. एवढंच पाहिजे होतं.

आता माझं सांगतो.

ठाण्याचा नियम होता, प्रत्येक पोरानं रोज तीस मिनिटं टॅब वापरायचा. नववी-दहावी मिळून अठ्ठावन्न पोरं. टॅब वीस. जुलैत सलग नऊ दिवस लाइट नव्हती. ऑगस्टमध्ये त्याहून वाईट. शाळेत नेटवर्कचा पत्ता नाही, टॅबमधली मिनिटं ठाण्याला पोचवायची तर मागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं, तिथं दोन काड्या येतात. मी रोज दुपारी वीस टॅब तांदळाच्या रिकाम्या गोणीत भरायचो, गोणी बाइकला बांधायचो आणि टेकडीवर जायचो. तरी आमची शाळा लाल. गणपतीच्या आधी ठाण्याहून ग्रुपवर यादी आली, त्यात आम्ही तळाला.

महाले सर माझ्या खोलीत आले. दार लोटलं.

“सुद्या, हे हिरवं झालं पाहिजे.”

“सर, पोरांनी वापरल्याशिवाय कसं होईल?”

“ते तू बघ. तुला येतं सगळं.”

येतं ना. तेच तर. प्रत्येक पोराचा पासवर्ड म्हणजे त्याचा हजेरी नंबर. मी वीस टॅब बाकांवर ओळीनं उभे केले, वीस पोरांच्या नावानं उघडले, व्हिडिओ लावला आणि बाहेर येऊन बसलो. तीस मिनिटांनी पुढची वीस नावं. मग राहिलेली अठरा. दीड तासात अठ्ठावन्न पोरं शिकून मोकळी. रिकाम्या खोलीत वीस टॅब एकदम ‘प्रकाशाचे अपवर्तन’ शिकवत होते आणि खिडकीबाहेर ती पोरं शाळेच्या नळावर भांडत होती.

आठवड्यात आम्ही हिरवे झालो. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आली. महाले सरांनी मला चहा पाजला.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारं काय, तर हरेश येऊन विचारायचा, “सुद्या, सहा टॅब दे ना, पोरांच्या हातात देतो, भिंगाचा धडा चाललाय.” मी म्हणायचो, चार्जिंगला आहेत. कारण सहा दिले की मिनिटं कमी पडायची. टॅब वापरल्याचं दिसावं म्हणून मी टॅब वापरू देत नव्हतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. मी तरी दिले नाहीत.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी टेम्पो आला आणि वाघांचं घर गेलं. रविना जाताना हरेशला म्हणाली, “टॅब कवा येल सर?” हरेश म्हणाला, “महिन्याच्या आत. मी आणून देतो.”

हरेशनं अर्ज आधीच केला होता, महाले सरांची सही घेऊन. मला त्यातलं एवढंच माहीत की अर्ज गेलाय. नियम माहीत नव्हता. नियम असा की पोर खरंच बाहेरगावी गेलंय हे टॅबमधल्या ॲपमध्ये दिसलं पाहिजे. सलग दहा दिवस शून्य मिनिटं. मग टॅब घरी न्यायला परवानगी.

सुट्टी संपली, शाळा उघडली. मी परत माझी दुकानदारी सुरू केली. वीस, वीस, अठरा. रविनाचं नाव आलं तेव्हा बोट थांबलं होतं माझं. म्हटलं, ही तर गेली. पण नाव सोडलं की टक्का खाली येतो, मग महाले सर दार लोटून येणार. म्हटलं जाऊ दे, कोणाचं काय जातंय? तिच्या नावानं टॅब उघडला. रोज उघडला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरेश म्हणाला, “सुद्या, मला पण टेकडीवर ने. ठाण्याच्या मॅडमना फोन लावायचाय. तीन आठवडे झाले, अर्जाचं काही नाय.”

तो मागं बसला. गोणी त्याच्या मांडीवर.

टाकीपाशी पोचलो. मी गोणीचं तोंड उघडून टॅब चालू करत बसलो, त्यानं फोन स्पीकरवर लावला. दिपिका मॅडम तिकडं आमच्या तालुक्याचं काम बघतात. बाई चांगल्या आहेत, आवाज चढवत नाहीत.

“हो सर, अर्ज पाहिला मी. पण तो नामंजूर झालाय. मेल गेलाय शाळेला.”

“का मॅडम?”

“विद्यार्थिनी शाळेत नियमित आहे ना.”

“कोण? रविना वाघ?”

“हो. काल तीस मिनिटं. परवा एकतीस. सोमवारी तीस. तुमच्या शाळेत सगळ्यात नियमित मुलगी आहे ती.”

“मॅडम, रविना भिवंडीला आहे. भट्टीवर. तीन आठवडे झाले.”

“मग इथं कशी दिसते सर?”

एवढ्यात गोणीतले टॅब नेटवर्क मिळून एकामागून एक टुंग टुंग वाजायला लागले. वीसच्या वीस. त्यानं गोणीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मॅडम, नंतर लावतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी म्हटलं, “हरेश, ऐक...”

“किती दिवसांपासून?”

“गणपतीच्या आधीपासून.”

“सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं.”

“आणि मला चार्जिंगला हायेत म्हणायचास.”

“महाले सरांनी...”

“महाले सरांनी सांगितलं हिरवं कर. रविनाला भट्टीवरून ओढून आणून बाकावर बसव असं सांगितलं होतं? भारी आहेस रे तू. मी जूनपासून धडपडतोय की पोरगी जिथं जाईल तिथं शाळा पोचावी. तू पोरगी नसताना शाळा भरवलीस.”

“मला नियम माहीत नव्हता रे.”

“नियमाचं सोड. ती इथं नाय हे माहीत होतं ना?”

होतं.

तो बाइकवर बसलाच नाही. चालत उतरला टेकडी. मी गोणी घेऊन त्याच्या मागं मागं पहिल्या गिअरमध्ये. दोनदा हॉर्न वाजवला. त्यानं मागं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो महाले सरांकडं गेला, मलाही ओढून नेलं. म्हणाला, “सर, ठाण्याला खरं कळवू. म्हणजे टॅब मिळेल.”

महाले सरांनी फाइल बंद केली. ते काही खलनायक नाहीत, हे पण लिहितो. त्यांनी शांतपणे विचारलं, “काय कळवायचं? की रविनाची मिनिटं खोटी?”

“हो.”

“मग ते विचारतील, बाकी सत्तावन्नांची खरी कशावरून? टॅब उचलून नेतील, भोये सर. एका पोरीसाठी सत्तावन्न पोरांचे टॅब घालवायचे?”

“सत्तावन्न पोरांना ते आता तरी कुठं मिळतात?” हरेश म्हणाला. “याला विचारा. गोणीत असतात.”

महाले सर माझ्याकडं बघत राहिले, जणू मी काहीतरी बोलून सोडवणार. मी जमिनीकडं बघितलं. सर म्हणाले, “मार्च होऊ दे. मग बघू.” मार्चमध्ये तर परीक्षा! मार्च झाल्यावर काय बघणार? पण त्या खोलीत मी तेही बोललो नाही.

आठवडाभर हरेश माझ्याशी कामापुरतं बोलला. शनिवारी शाळा सुटताना म्हणाला, “उद्या भट्टीवर जातोय. तिला सांगावं लागेल. तुझी बाइक दे.”

“मी पण येतो.”

“कशाला?”

“बाइक माझी आहे म्हणून.”

त्याला हसू आलं नाही, पण नको म्हणाला नाही.

सकाळी सहाला निघालो. जव्हार, विक्रमगड, वाडा. थंडीनं बोटं आखडली होती. दहाला पोचलो. पहाटेपासूनचं थापायचं काम उरकून लोक झोपड्यांपाशी बसले होते. फागी भाकरी करत होती. बघून ओरडली, “आगं रविना, मास्तर आलं!”

रविना धाकट्याला कमरेवर घेऊन आली. हातांना कोपरापर्यंत सुकलेला चिखल. पहिलं वाक्य नमस्कार नाही, काही नाही. “टॅब आणला?”

“नाय अजून,” हरेश म्हणाला. “हे आणलंय.” त्यानं सोडवलेल्या पेपरांची झेरॉक्स काढली. शंभरेक पानं असतील.

तिनं ती घेतली, वर-खाली करून बघितली, ठेवली. मग आपलं पुस्तक आणलं. पानांच्या कडांना बोटांचे मातीचे ठसे. “अंकगणिती श्रेढी झाली. ती सोपी हाय. विटा रचतात तशीच, खाली जास्त, वर एकेक कमी. किती ते आईला मी आता न मोजता सांगते. वर्गसमीकरणं झाली. पण ही समरूपता आणि हा वर्गात अर्धाच कळलेला भिंगाचा धडा, हे मी ठेवून दिलेत.”

“ठेवून दिलेत म्हणजे?”

“टॅब येणार होता ना. त्यात चित्र हलतं. किरण कुठून वाकतो ते दिसतं. म्हटलं तेव्हाच करू, एकदम कळल.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “सुदर्शन सर, टॅब तुमच्याकडं असतात ना? वीस हायेत. एक नाय देता येत?”

जैतू मध्येच म्हणाला, “सरांना पानी दे आधी. पोलीस ठेसनावर आणल्यासारखी चौकशी करतेस.” पण ती बघतच होती माझ्याकडं. हरेश पण.

त्याला सांगता आलं असतं. ‘यानंच घालवला तुझा टॅब.’ एवढंच वाक्य. त्यानं नाही सांगितलं. तो मातीत बसला, एक काडी घेतली आणि भिंग काढायला लागला. “ये इकडं. चित्र हलणार नाय, आपण हलवू.” तो एक तास शिकवत होता. रविना तीनदा म्हणाली, “नाय कळलं. परत सांगा.” तिसऱ्यांदा तिला कळलं, समरूपता राहूनच गेली, आणि तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस येऊन म्हणाला, चला, विटा उलटायला चला.

एका तासात अर्धा धडा. परीक्षेला तीन महिने. मी मनातल्या मनात गुणाकार करत होतो आणि तो कुठूनही जमत नव्हता.

निघताना रविना म्हणाली, “पुढल्या येळेला टॅबच आणा. नायतर तुम्ही तरी या.”

येताना वाड्याला चहाला थांबलो. हरेशनं बशीत चहा ओतला आणि त्या दिवसात माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

“माझं पण चुकलंच. जूनमध्ये तू माझ्या एकाचे नव्वद केलेस तेव्हा मी गप बसलो. म्हटलं कागदावर काय का असेना.”

“तू तिला माझं नाव का नाय सांगितलंस?”

“सांगून काय? तिला टॅब पाहिजे, तुझं नाव घेऊन काय करील?” तो बशी खाली ठेवून म्हणाला, “मी मॅडमना फोन करून सांगू शकतो. पण मग ती चुगली होईल. महाले सर म्हणतील भोये सरांचा गैरसमज झाला. मिनिटं कशी चालवली ते तुलाच दाखवता येतं. आणि तू सांगितलंस तर तुला काढतील, सुद्या. मी तुला सांग म्हणणार नाय. मीच लावलं होतं तुला इथं.”

“काढलं तर झेरॉक्सचं दुकान आहे.”

“बोलायला सोपं आहे.”

“सोपं नाय, माहितीये.”

“मग?”

मी त्याला सांगितलं, आणि आता लिहून पण ठेवतो म्हणजे फिरता येणार नाही. “हरेश, उद्या घंटा व्हायच्या आधी मी टेकडीवर जातो आणि दिपिका मॅडमना फोन करतो. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नावांची मिनिटं मी चालवली, कधीपासून, कशी, सगळं सांगतो. महाले सरांना आधी सांगून जातो, त्यांच्या पाठीमागं नाय. गोणी उद्यापासून तुझ्या वर्गात. आणि टॅब मंजूर होवो न होवो, मला ठेवोत का काढोत, परीक्षेपर्यंत दर रविवारी मी तुला घेऊन भट्टीवर येईन. तुला जमणार नाय त्या रविवारी मी एकटा येईन, तू जेवढं मला शिकवशील तेवढं तिला जाऊन सांगेन. शब्द देतो.”